पहिला घास दाखवणाऱ्याचा

आमच्या ह्यांना भंडाऱ्याच्या बाजारात कुणी नावानं हाक मारत नसे. बोंडेवाला, पानठेलेवाला, पितळेची भांडी ठोकणारे, उकडलेले शिंगाडे विकणाऱ्या मासेमारांच्या ढिवरणी, सगळ्यांचे ते भाऊ. एका कापडाच्या पेढीवर ते माणूस होते. पेढीवरचा माणूस म्हणजे नेमकं काय काम करतो, असं माझ्या वडिलांनी लग्न ठरवताना विचारलं, तेव्हा मध्यस्थ म्हणाले, "पाव्हण्यायले फिरवते." माझं माहेर आंधळगावचं. वडील जन्मभर मागावर बसलेले, त्यांना फिरण्याचा पगार मिळतो हे काही पटेना. पण मुलगा निर्व्यसनी आहे असं सांगितलं गेलं आणि त्यांनी होकार दिला. सुपारी-तंबाखू आमच्याकडे व्यसनात धरत नाहीत. धरली असती तर आंधळगावातली एकही पोरगी उजवली गेली नसती.

काम मात्र खरोखरच फिरवण्याचं होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. रायपूर, दुर्ग, राजनांदगावकडचे व्यापारी कारध्याचा पूल ओलांडून लुगडी घ्यायला येत. सकाळी पेढीवर माल बघत, नाकं मुरडत, भाव पाडत. मग मालक त्यांना ह्यांच्या हवाली करी. दुपार कलली की हे त्यांना घेऊन पायी निघत. किल्ल्याच्या भिंतीकडून जुन्या बाजारात, तिथून भांडीवाल्यांच्या गल्लीतून खाली. वाटेत पाच ठिकाणी थांबून खायचं आणि सहाव्या ठिकाणी, पानठेल्यावर, फेरी संपवायची. परत येईपर्यंत व्यापाऱ्याचं पोट भरलेलं असे, आणि सकाळी अडलेला सौदा पाच मिनिटांत होऊन जाई.

ह्यांचा एक नेम होता. पहिला घास दाखवणाऱ्याचा. पाहुण्याच्या हाती द्रोण द्यायच्या आधी स्वतः एक घास खायचा, मान डोलवायची आणि मगच म्हणायचं, "आता घ्या." परक्या गावात माणूस कोणाच्या भरवशावर खाईल, असं त्यांचं म्हणणं. एकदा रायपूरचा एक शेठ मुंगवड्याबरोबरची तळलेली मिरची अख्खी चावून बसला आणि भर बाजारात रडला. ह्यांनी त्याच्यासमोर तशाच दोन मिरच्या खाल्ल्या, डोळ्यांतून टिपूस न काढता. तो शेठ पुढं दर वर्षी येई आणि आल्याबरोबर ह्यांनाच विचारी.

मला ही फेरी तोंडपाठ होती आणि मी ती एकदाही केली नव्हती. बाईमाणसानं रस्त्यात उभं राहून खायचं नाही, ही आमच्या गल्लीची रीत. संध्याकाळी हे वर्तमानपत्राच्या पुडीत चार मुंगवडे नाहीतर दोन बोंडे आणत. येईतो ते गार झालेले असत, कागदाची शाई वड्याला लागलेली असे. मी ते खात असताना हे समोर बसून सांगत, कढईतून काढला तेव्हा कसा फुगला होता, कसा कुरकुरत होता. वडा गार आणि वर्णन गरम.

"मले गोष्टीच खाऊ घाला," मी म्हणायची, "आन वडे तुमच्या शेठले."

"नेतो वो तुले एक दिवस," ते म्हणायचे. असा तो एक दिवस यायला बारा वर्षं लागली.

आता खर्ऱ्याचं सांगते, कारण सगळं तिथंच जाऊन थांबतं. तंबाखू, सुपारी आणि चुना एका प्लास्टिकच्या पन्नीत घालून लाकडावर चांगला घोटायचा, की झाला खर्रा. तो गालात धरायचा आणि तास तास तसाच ठेवायचा. माझ्या माहेरी प्रत्येक विणकराच्या गालात काही ना काही असेच. मागावर हात आणि पाय दोन्ही गुंतलेले, तोंडच तेवढं मोकळं. सुपारी कातरायचा सरोता मला लग्नात भांड्यांबरोबर आला होता. ठेल्यावरची सुपारी जाड असते म्हणून हे घरून डबी भरून नेत, आणि ती डबी भरायचं काम माझं. "थोडी बारीक कर वो, टोचते," ते म्हणत. मी बारीक करी. महिन्याभरानं पुन्हा म्हणत, अजून बारीक. मी अजून बारीक करी, रव्यासारखी करी. माझ्या हातचं त्यांना लागतं, ह्यातच मला सुख होतं. लाड वाटायचे मला ते.

ऐंशीच्या आसपास ह्यांनी उपास धरले. आधी सोमवार, मग गुरुवार, मग शनिवारही. मी फुलून गेले. आमच्या गल्लीतले पुरुष काही अंगावर बेतल्याशिवाय देवाला हात जोडत नसत, आणि माझा नवरा आठवड्यातले तीन दिवस उपाशी! मी नळावर, जात्यावर, कुठंही विषय काढी. कोणी साबुदाण्याची उसळ कशी करतेस विचारलं की रेसिपीच्या आधी ह्यांची भक्ती सांगे. गुरुवारी भगर टाकायची, ती मऊ, पातळ, ताकात कालवून. तिखटही सोडलं त्यांनी. म्हणाले, अंगात गरमी झाली. मी सब्जा भिजवून दिला. बोलणं कमी झालं. मी म्हटलं, वैराग्य आलं.

आणि उरलेले चार दिवस आम्ही भातच खात होतो. आमचा मुलूख धानाचा. सकाळी भात-वरण, रात्री भात-आंबील. भात कुस्करला की गिळता येतो, त्याला तोंड मोठं उघडावं लागत नाही. ज्वारीच्या मुलखात संसार असता तर भाकरीनं पहिल्याच महिन्यात चोरी पकडून दिली असती. मी ह्यावर फार विचार केलेला आहे. दुसरं कुणाला वाटणार नाही, पण मला धानाचासुद्धा राग येतो.

उपासांच्या तिसऱ्या वर्षी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अंगणात आठदहा बायका होत्या. हे नेमके त्याच वेळी पेढीवरून आले. बायकांना ऊत आला. एक म्हणाली, "भाऊले आपल्या हातानं लाडू भरवा, तवाच आमी वाण घेऊ." मी तिळाचा लाडू उचलला. लहानसाच, लिंबाएवढा. ह्यांनी मान वळवली. मला वाटलं लाजताहेत. मी हनुवटी धरली आणि लाडू ओठांशी नेला. तो दातांवर आपटला. आत जाईना. मला वाटलं, मस्करी करतात, मुद्दाम दात आवळून धरलेत. बायका हसत होत्या, मीही हसत होते, आणि मी अंगठ्यानं लाडू आत दाबला. लाडू फुटला, तीळ सगळ्या अंगणात सांडले, आणि ह्यांच्या ओठातून रक्त आलं. तरी एकदोघी हसतच राहिल्या, त्यांना ते दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी आधी एवढंच सांगितलं, "तुमचीच बोटं उभी करून तोंडात घाला." धडधाकट माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. मी तिथंच स्टुलावर बसल्या बसल्या घालून पाहिली, सहज गेली. ह्यांचं एक गेलं, दुसरं दातावर अडलं. गालाच्या आतली कातडी आवळत आवळत वादीसारखी झाली होती आणि उजव्या गालात एक जखम होती, ती भरत नव्हती. सुपारीनं तोंड आवळलं आणि जखम तंबाखूची, असं डॉक्टर म्हणाले. आठ दिवसांत नागपूरला भरती व्हायचं, गाल कापावा लागेल, आणि आजपासून खर्ऱ्याचा एक कण नाही. एक कण जरी गेला तरी माझ्याकडं परत येऊ नका, म्हणाले.

घरी येऊन ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी सरोता माळ्यावर फेकला. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो आजही गेलेला नाही. तीन वर्षं मी भगर शिजवली. वैराग्य म्हणे!

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी दुपारी हे धुतलेला सदरा घालून दारात उभे राहिले. ओठ फारसे न हलवता बोलायची त्यांना सवय झाली होती.

"चाल. तुले फिरवतो."

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणो. पाव्हणा घेऊन जाऊन राहिलो मी."

मी डोक्यावरून पदर घेतला आणि त्यांच्या मागं निघाले. भांडीवाल्यांच्या गल्लीत ठोकाठोक चालली होती, ती आम्हाला पाहून दोनतीन दुकानांत थांबली. भाऊबरोबर शेठ नाही, बायको आहे, हे पाहायला एकजण तर हातोडी घेऊन बाहेर आला.

पहिलं ठिकाण तर्री-पोह्यांचं. हे थेट व्यापाऱ्याला सांगावं तसं मला सांगू लागले, चणे रात्रीच भिजतात, तर्रीचा तिखट रस्सा सकाळपासून चुलीवर असतो. पोह्याचा एक दाणा त्यांनी चिमटीत घेतला, ओठ बाजूला ओढून जिभेवर ठेवला आणि मान डोलवली. "आता घे." नेम म्हणजे नेम.

मी खाल्लं. गरम होतं, नाकातून पाणी आलं.

"कशी हाये?"

"चांगली हाये."

ते चिडले. "चांगली त कोनीबी म्हणते. मले लागन तसं सांग. माह्या बदल्यात खाऊन राहिली तू."

तेव्हा मला कळलं की ही फेरी माझ्यासाठी नव्हती. मी थांबले, पुन्हा एक घास घेतला आणि नीट लक्ष दिलं. "तिखट पयले लागत नाई, मांगून येते," मी म्हटलं. "चना शिजला हाये, पन फुटला नाई."

"हं," ते म्हणाले. "हं. मांगूनच येते."

दुसरं ठिकाण मुंगवड्यांचं. कढईमागं माझ्या आईच्या वयाची बाई होती. तिनं द्रोण भरला आणि ह्यांच्याकडं न बघता आधी स्वतःच एक वडा तोडून खाल्ला. मी पाहतच राहिले. तिला वाटलं मला माहीत आहे. "दोन वर्स झाले बाई," ती म्हणाली, "पाव्हण्यासमोर पयला घास मीच खाते. भाऊ म्हणते उपास हाये. तोंड उघडत नाई त काय करन बिचारा? आमी सारेच सांभाळून घेतो."

सारेच. बोंडेवाला, रबडीवाला, ठेलेवाला, ही वडेवाली. अख्ख्या बाजाराला दोन वर्षं ठाऊक होतं, आणि मी नळावर उभी राहून भक्ती सांगत होते. नळावरच्या बायका माझ्या मागं हसत असतील की हळहळत असतील, मला दोन्हीची सारखीच लाज वाटली. मी द्रोण हातात घेऊन रस्त्यातच विचारलं, "साऱ्यायले सांगतलं, मलेच काहून नाई?"

"तुले सांगतलं असतं त तू सुपारी बंद केली असती," ते म्हणाले.

इतकं सरळ उत्तर मला त्यांनी संसारात दुसरं दिलं नाही. द्रोण तिथंच टाकून घरी जावं असं वाटलं. पण हातातला वडा गरम होता. बारा वर्षांत पहिल्यांदा गरम. मी तो खाल्ला, आणि रागानंच सांगितलं, "वरून कडक हाये. आत मऊ, पन डाळ भरड लागते. सांबार जास्त पडला." वडेवालीनं मान खाली घातली, कोथिंबीर खरंच जास्त पडली होती. हे मात्र खूश झाले.

बोंड्यापर्यंत मला ते साधलं. लोक बघत होते, पण मला कोणी दिसेनासं झालं. मी चावत होते आणि सांगत होते, ते माझ्या जबड्याकडं टक लावून बघत होते. मी गिळलं की त्यांचा गळा हलायचा. शिंगाड्यांच्या टोपलीपाशी मी उकिडवी बसले, दोन शिंगाडे सोलले, बोटांनी चेचून पीठ केलं आणि त्यांच्या दातांच्या फटीतून थोडं थोडं आत सारलं. ढिवरीण दुसरीकडं बघत राहिली. रबडीवाल्यानं न सांगता दूध घालून रबडी पातळ केली आणि गिलास पुढं केला. अर्धी सदऱ्यावर सांडली. मी पदरानं पुसली.

मग पानठेला. ठेलेवाल्यानं भाऊंना लांबूनच पाहिलं आणि सवयीनं पन्नी घोटायला घेतली होती. आम्ही पोहोचलो तोवर खर्रा तयार.

"नोको," मी म्हटलं. "उद्या नागपूरले जाणं हाये."

ह्यांनी दोन्ही हात मागं बांधले. शपथ त्यांना आठवत होती. पण तिथून हलले नाहीत. "फेरी इथं संपते," ते ठेलेवाल्याला म्हणाले. "पाव्हण्याले दे."

"भाऊ, वयनीले?"

"दे म्हणतो न."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मी खात नाई. तुह्या डोक्याची आन घेतली हाये. तू खा. कसा हाये ते सांग."

त्या वेळी मी ती पन्नी नालीत फेकायला हवी होती. तेवढा राग माझ्यात होता, पुरून उरेल इतका. पण मी त्यांचे डोळे पाहिले. इतकं लाचार मी कोणाला पाहिलं नव्हतं, भिकाऱ्यालाही नाही. उद्या गाल कापणार होते. मी चिमूटभर घेतलं आणि गालात ठेवलं.

चुन्यानं आग झाली. मग डोकं फिरलं, रस्ता हलायला लागला, मी ठेल्याची फळी धरली.

"सुपारी?" त्यांनी विचारलं.

"जाड हाये. टोचते. घरच्यासारखी नाई."

"चुना?"

"बरोबर हाये."

ह्यांनी डोळे मिटले. जेवढं हसता येत होतं तेवढं हसले. "थुकू नको," म्हणाले, "थोडा वेळ ठेव गालात." मी ठेवला.

नागपूरला उजवा गाल काढला. घरी आणल्यावर बोलणं गेलंच होतं. पेढीनं दुसरा माणूस ठेवला. बाजारातून कोणी ना कोणी रोज काहीतरी पाठवी. संध्याकाळ झाली की हे हातानं खूण करत, माळ्याकडं. पहिले काही दिवस मी न समजल्यासारखं केलं. मग सरोता खाली काढला. त्यांच्या खाटेशी बसून मी सुपारी कातरी, घोटी, माझ्या गालात ठेवी आणि त्यांना सांगत बसे. आज चुना कमी. आज तंबाखू कडक. त्यांनी शपथ मोडली नाही, शेवटपर्यंत एक कण घेतला नाही. पुढचं धान कापणीला आलं तेव्हा ते गेले.

त्यानंतर मला कोणी विचारणारं नव्हतं, कसा आहे म्हणून. तेव्हा थांबायला हवं होतं. तेरवी झाली, पाहुणे गेले, संध्याकाळ झाली, आणि माझ्या हातांनी आपोआप सरोता उचलला. असंच रोज होत राहिलं. सुपारी मी अजूनही रव्यासारखी करते.

हे गेले तेव्हा शाळेत जाणारा आमचा मुलगा आता कामाला आहे, सून चांगली आहे. मी आरशापुढं दार लावून बोटं घालून पाहते. गेल्या दिवाळीला तीन जात होती, थोडी ओढून. आता दोन जातात, तिसरं दातावर अडतं. तर्री मला झोंबते. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर सून सरोता फेकून देईल.

परवा ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, आज तुमचा गुरुवार. तुमच्यासाठी भगर टाकू का?"

मी म्हटलं, "टाक. पातळच कर."